हबला वीज आहे, मग वेग का नाही?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले बरेचसे 'म्हणजे' आणि 'तर' काढलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा भाग दोन आकड्यांचा आहे. एक ३८ आणि दुसरा १८.

माझा मामेभाऊ साताऱ्याकडे लग्नाचं शूटिंग करतो. ऐन लग्नसराईत त्याने मला विचारलं, "अगं, लॅपटॉपमधून डिस्कवर टाकलं की ३८ चा स्पीड येतो, आणि कार्डातून थेट डिस्कवर टाकलं की १८ चा. हबला वेगळा अडॅप्टर आहे, दिवा पेटतोय, सगळं दिसतंय. डिस्क गेल्या का माझ्या?"

मी म्हणाले, "दादा, डिस्क ठीक असाव्यात. तू जे दोन आकडे सांगितलेस ना, त्यांच्यातच उत्तर आहे."

ते कसं, ते सांगते. पण त्याआधी त्याची अडचण नीट समजून घ्या, कारण नुसता 'स्पीड कमी येतो' हा प्रश्न नाहीये. एका लग्नाचं त्याचं फुटेज साधारण ३०० जीबी होतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात दुसरं लग्न. कार्डं तीच. म्हणजे रात्रीत कार्डं रिकामी करायची, एक कॉपी या डिस्कवर, दुसरी कॉपी त्या डिस्कवर, आणि मगच कार्डं फॉरमॅट करायची. आता १८ एमबी दर सेकंदाला या वेगाने ३०० जीबी जायला साडेचार तासांहून जास्त लागतात. दोन कॉप्या म्हणजे सव्वानऊ तास. रात्री ११ ला लावलं तर सकाळी सव्वाआठ. मुहूर्त ९ चा, आणि गाव दीड तासावर. अशा वेळी माणूस काय करतो? एकच कॉपी घेतो, कार्डं पुसतो आणि निघतो. ती एक डिस्क कुठे पडली, आपटली, तर कुणाचं तरी लग्न गेलं. ते काही परत शूट करता येत नाही.

तर मुद्द्यावर येऊ. लोकांचा एक पक्का समज असतो की अडॅप्टरवाला हब म्हणजे वेगवान हब. दुकानदारही तसंच सांगतात. पण अडॅप्टर फक्त वीज देतो. डेटा जायचा रस्ता वेगळाच आहे. विहिरीवर मोठी मोटार बसवली म्हणून अर्धा इंची पाइप दोन इंची होत नाही, तसं.

आणि तो रस्ता कसा आहे, हे एकदा कळलं की निम्मं काम होतं. यूएसबी २.० आलं २००० साली. त्याचा वेग ४८० मेगाबिट. ८ ने भागा, ६० मेगाबाइट. त्यातून नियमांची, पोचपावतीची देवाणघेवाण वजा केली की हातात उरतात ३० ते ४०. २००८ मध्ये ३.० आलं, ५ गिगाबिटचं. त्यात प्रत्यक्षात ४०० च्या आसपास मेगाबाइट मिळू शकतात. नंतर त्याच ५ गिगाबिटला ३.१ जेन १, मग ३.२ जेन १ अशी नावं देत बसले. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, ५ गिगाबिट की १० गिगाबिट एवढंच बघा, नावात जाऊ नका.

आता खरी गंमत. ३.० करताना त्यांनी जुन्या तारा वेगवान केल्या नाहीत. जुन्या चार तारा तशाच ठेवल्या आणि शेजारी पाच नवीन घातल्या. म्हणजे तुमच्या निळ्या पोर्टमध्ये दोन रस्ते आहेत : जुना २.० चा आणि नवा ३.० चा. हबचंही तसंच. ३.० चा हब म्हणजे एकाच डबीत बसवलेले दोन हब. एक जुन्या तारांवरचा, एक नव्या. आणि नव्या तारांमध्ये कुठेही काही बिघडलं, तार तुटली, पिन नीट टेकली नाही, केबलमध्ये त्या तारा मुळात नाहीतच, तर डिस्क तक्रार करत नाही. ती गुपचूप जुन्या रस्त्यावर जाते. एरर नाही, लाल खूण नाही, दिवा पेटलेला. फक्त वेग ३८.

म्हणून ३८ हा आकडा दिसला की मला डिस्कवर संशय येत नाही. साधी अडीच इंची हार्ड डिस्कसुद्धा मोठ्या फाइलींना १०० ते १३० देते. बरोबर ३५ ते ४० च्या मध्ये कोणी सरळ रेषेत चालत असेल, तर तो २.० च्या रस्त्यावर आहे असं समजा.

मग १८ कुठून आलं? हे मला फार आवडतं. २.० चा रस्ता एकपदरी आहे. एका वेळी एकाच दिशेने गाडी जाते. कार्ड रीडरही हबवर, डिस्कही हबवर. डेटा आधी कार्डातून हबमार्गे लॅपटॉपमध्ये येतो, आणि तिथून त्याच वायरने परत हबमार्गे डिस्कवर जातो. तोच घाट दोनदा चढायचा. ३८ चे झाले निम्मे, वरखाली करून १८. ३.० मध्ये जायच्या तारा वेगळ्या आणि यायच्या वेगळ्या, त्यामुळे तिथे अशी निम्म्यावर गच्छंती होत नाही. म्हणजे दादाचे दोन आकडे एकत्र ठेवले की कळतं : एखादी डिस्क नव्हे, कार्ड रीडरसकट सगळंच जुन्या रस्त्यावर आहे. आणि सगळ्यांना सामाईक काय? लॅपटॉप आणि हब यांना जोडणारी एकुलती एक केबल आणि ती जिथे खोचलीय तो पोर्ट.

अंदाजावर थांबायचं नाही, तपासायचं. मॅकवर ऑप्शन की दाबून ॲपलच्या मेनूत जा, सिस्टिम इन्फॉर्मेशन उघडा, यूएसबीखाली प्रत्येक वस्तूपुढे स्पीड लिहिलेला असतो. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी', मग जागा सोडून 'डॅश टी' असं टाका. झाडासारखी यादी येते, प्रत्येक ओळीच्या शेवटी ४८०एम किंवा ५०००एम. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडून वरच्या 'व्ह्यू' मेनूत 'डिव्हाइसेस बाय कनेक्शन' निवडा, आणि तुमची डिस्क कुणाच्या पोटात दिसते ते बघा. नावात 'सुपरस्पीड' असलेल्या हबखाली असेल तर नवा रस्ता. साध्या 'जेनेरिक यूएसबी हब'खाली असेल तर जुना. वर सांगितलं ना, एका डबीत दोन हब, ते इथे डोळ्यांनी दिसतात.

दादाकडे विंडोज. व्हिडिओ कॉलवर बघितलं, सगळी मंडळी साध्या हबखाली. मी म्हटलं, हबची केबल दाखव. केबल काळी, मागचं टोक चौकोनी. ती प्रिंटरची केबल होती. हबची मूळ केबल कुठल्यातरी लग्नाच्या धावपळीत राहून गेली होती आणि मदतनीस पोराने स्टुडिओतल्या प्रिंटरची लावली होती. ती बसते हो! ३.० च्या चौकोनी तोंडाचा खालचा भाग जुन्या केबलच्या मापाचाच असतो, वर एक छोटा मजला जास्तीचा. खालच्या भागात प्रिंटरची केबल मस्त घट्ट बसते, वरचा मजला रिकामा राहतो, आणि नव्या पाच तारा नेमक्या तिथेच.

हाच प्रकार पोर्टेबल डिस्कच्या बारीक पिनचाही. ती रुंद, दोन खोल्यांची पिन असते ना, तिच्या मोठ्या खोलीत जुन्या फोनची मायक्रो यूएसबी केबल बरोबर शिरते. डिस्क चालते, २.० च्या वेगाने. आणि टाइप सीच्या केबली तर विचारूच नका. दोन्हीकडून तोंड सारखंच, पण फोनबरोबर चार्जिंगसाठी येणाऱ्या बहुतेक केबलींत फक्त जुन्या तारा असतात. बाहेरून बघून कळत नाही, लावून यादीत बघायचं. माझ्याकडे ज्या केबली तपासून झाल्यात त्यांना मी नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. घरात हसतात, हसू देत.

अजून एक बारीकसा मुद्दा. टाइप एची पिन हळूहळू, चाचपत खोचली तर जुने संपर्क आधी जुळतात आणि डिस्क २.० म्हणूनच नोंदली जाते. काढा आणि एका दमात पूर्ण आत घाला. एवढ्यानेही कधीकधी वेग तिप्पट होतो. फुकटचा उपाय आहे, आधी तोच करा.

आता समजा यादीत ५०००एम दिसतंय, रस्ता नवा आहे, तरी वेग नाही. मग मी आकडा सोडून आलेखाचा आकार बघते. विंडोजच्या कॉपीच्या खिडकीत 'मोअर डिटेल्स' दाबलं की हिरवा आलेख येतो. पहिलं अर्धं मिनिट सोडून द्या, तेव्हा मेमरीत भरलं जात असतं, ते आकडे खोटे. त्यानंतरचा आकार बघा. खालून सरळ सपाट रेषा असेल तर तो रस्त्याचा प्रश्न, आत्ता झाला तो. दात पडल्यासारखा आलेख असेल, म्हणजे ११० वर, मग धपकन शून्य, पाच-दहा सेकंद काही नाही, परत ११०, तर तो विजेचा नाहीतर जोडणीचा. आणि बराच वेळ छान चालून मग पायरी उतरल्यासारखा खाली येऊन तिथेच राहिला, तर ती डिस्कची स्वतःची प्रकृती आहे, हबचा त्यात दोष नाही.

दात पडलेल्या आलेखाबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण अडॅप्टरचा खरा संबंध इथे येतो. वीज कमी पडली की वेग कमी होत नाही. डिस्क बंद पडते, परत सुरू होते, कॉम्प्युटर तिला रीसेट करतो, अडकलेला तुकडा परत पाठवतो. हे पुन्हा पुन्हा झालं की सरासरी घसरते आणि आपण म्हणतो स्लो आहे. ३.० चा एक पोर्ट नियमानुसार ९०० मिलिअँपिअर देतो. सात पोर्ट सगळे भरले तर ६.३ अँपिअर, ५ व्होल्टला ३१.५ वॉट. आता तुमच्या हबच्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच स्वस्त सात पोर्टवाल्या हबबरोबर ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर येतो. म्हणजे १० वॉट. पोर्ट सात, आणि वीज जेमतेम दोन डिस्कना. अडीच इंची डिस्क तबकडी फिरवायला सुरुवात करते त्या क्षणी एकटीच १ अँपिअरच्या जवळ जाऊ शकते. एक डिस्क कॉपी करत असताना दुसरी खोचली आणि पहिली 'टिक' करून गेली, असं झालंय ना? तेच ते.

हे पक्कं करायचं तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदींत १२९ आणि १५३ हे क्रमांक शोधा. १२९ म्हणजे डिव्हाइसला रीसेट दिला, १५३ म्हणजे वाचन-लेखन परत करावं लागलं. कॉपीच्या वेळेच्या आसपास त्यांची रांग लागली असेल तर आधी अडॅप्टर आणि केबल बदलून बघा. दुसरा अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, पिनचं ध्रुवत्व तेच हवं, अँपिअर जास्त चालतील. १२ व्होल्टचा अडॅप्टर ५ व्होल्टच्या हबला लावला तर हब आणि डिस्क दोघांची एकदम बारशी होईल.

आणि आपल्याकडचा एक खास प्रश्न, जो परदेशी व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही. लाइट जाते! लॅपटॉपला बॅटरी आहे, तो चालूच राहतो. आपल्याला वाटतं कॉपी चालू आहे. पण हबचा अडॅप्टर भिंतीत आहे, तो गेला. काही हब अशा वेळी लॅपटॉपकडून वीज घ्यायला लागतात, पण एका पोर्टच्या विजेवर दोन डिस्क आणि कार्ड रीडर चालवायचे म्हणजे वरचंच गणित. लिहीत असताना डिस्क मधेच तुटते. त्यात मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालावी म्हणून बहुतेक शूटिंगवाले डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करतात, आणि एक्सफॅटमध्ये अर्धवट राहिलेल्या लिखाणाचा हिशेब ठेवणारी जर्नल नसते. फाइल अर्धी राहते, वाईट वेळ असेल तर पूर्ण फोल्डर वाचता येत नाही. त्यामुळे कार्यालयावर रात्री कॉपी लावून झोपायचं असेल तर हब इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावा, नाहीतर लग्नाच्या धावपळीत हब बाजूला ठेवा, एक डिस्क थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा आणि एकेक कॉपी घ्या.

आता पायरी उतरणारा आलेख. दादाची केबल बदलल्यावर पहिली कॉपी ८५ ने झाली, ती त्याच्या कार्डाची मर्यादा. ३०० जीबी तासाभरात. मग डिस्कवरून डिस्कवर दुसरी कॉपी लावली, ती ११० ने निघाली आणि काही वेळाने २५ वर येऊन बसली. त्याला वाटलं परत केबल. पण यादीत ५०००एमच होतं, नोंदींत रीसेट नव्हते. ती डिस्क एसएमआर प्रकारची होती. हल्लीच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये जागा वाचवायला डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. आधी भरून, पुसून, परत भरलेल्या डिस्कवर हे जास्त जाणवतं. स्वस्त एसएसडींचंही असंच, फक्त कारण वेगळं : सुरुवातीचा वेगवान कॅशे भरला की खरा वेग दिसतो. यावर हब, केबल, अडॅप्टर कशाचाच उपाय नाही. दादाला एवढंच सांगितलं, कार्डातून पहिली कॉपी नेहमी चांगल्या डिस्कवर घे, म्हणजे कार्डं लवकर मोकळी होतील असं नाही, पण लॅपटॉप उघडा ठेवून गाडीत बसायची वेळ आली तर निदान दुसरीच कॉपी मागे राहील.

बारीक फाइलींचं थोडक्यात. हजारो छोटे फोटो, प्रोजेक्टच्या फायली असतील तर वेग पडणारच. प्रत्येक फाइलीसाठी डिस्कला नोंदवहीत जाऊन यावं लागतं. वेग मोजताना एक मोठी व्हिडिओ फाइल घ्या, नाहीतर तुम्ही भलत्याच गोष्टीला दोष द्याल.

माउस, कीबोर्ड त्याच हबवर लावल्याने डिस्क स्लो होते का, असं अनेकांनी विचारलंय. नाही. ते जुन्या तारांवर असतात, डिस्क नव्या तारांवर. एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. उलट मात्र होतं! ३.० ची डिस्क जोरात चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट होतो, आणि शेजारीच वायरलेस माउसचा डोंगल असेल तर माउस अडखळायला लागतो. इंटेलने यावर २०१२ मध्ये एक शोधपत्रच काढलं होतं. डोंगल हबवरून काढून लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा, माउस सुधारतो.

हब विकत घेणार असाल तर पोर्टची संख्या शेवटी बघा. आधी अडॅप्टरचे वॉट बघा आणि तुमच्या डिस्कना ते पुरतात का याचा हिशेब करा. मग केबल सुटी आहे की जोडलेली. सुटी असेल तर हरवणार, पण तुटली तर बदलता येते, त्यामुळे मी सुटीच घेते आणि हबच्या पोटाला रबरबँडने बांधून ठेवते. सात पोर्टच्या हबमध्ये बऱ्याचदा आत चार पोर्टच्या दोन चिप एकामागे एक जोडलेल्या असतात, एका चिपचा एक पोर्ट दुसरीला जोडण्यात जातो. तीन-चार पोर्ट लॅपटॉपपासून एक टप्पा जास्त लांब. डिस्क कधीमधी तुटत असेल तर दुसऱ्या टोकाच्या पोर्टवर लावून बघा. आणि हबला हब जोडू नका.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा एकच फाइल दरवेळी त्याच जागी अडकत असेल, तर हे सगळे प्रयोग बंद करा. स्मार्ट नोंदींत १९७ क्रमांकाची ओळ असते, वाचता न येणाऱ्या सेक्टरची. तिथे शून्याऐवजी काही दिसलं आणि ते वाढत असेल, तर डिस्क थेट लॅपटॉपला लावा, सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर आधी उचला, मग बाकीचं. अशा डिस्कवर वेग मोजायला मोठमोठ्या फाइली फिरवू नका.

दोन्ही कॉप्या झाल्यावर फोल्डरवर राइट क्लिक करून फाइलींची संख्या आणि बाइट तीन ठिकाणी जुळवा : कार्ड, पहिली डिस्क, दुसरी डिस्क. मधली एखादी क्लिप उघडून शेवटपर्यंत ओढून बघा. मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपमध्ये नको.